दहा टक्के वेस्टेज

मिस्त्रींचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि नाकही काही लहान नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवून गुडघे कामातून गेले होते, पण जिभेची धार तशीच होती. ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला तर मग तो घराचा मालक असो की मालकाचा सासरा, मिस्त्री त्याची गय करायचे नाहीत. अशा माणसाच्या थोरल्या मुलीने कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात कॉलेजने तिला गणिताच्या सगळ्यात खालच्या वर्गात नेऊन बसवलं, तेव्हा घरात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

त्या कॉलेजात नव्या मुलांची आधी पातळी चाचणी घ्यायचे. तीस प्रश्न, एक तास. बावीस बरोबर आले की थेट मुख्य गणित. पंधरा आले तर आधी ‘तयारी दोन’. त्याहून कमी आले तर ‘तयारी एक’, म्हणजे सहा महिने तिथे, मग सहा महिने तयारी दोनमध्ये, आणि मग कुठे मुख्य गणिताचं तोंड दिसणार. तयारी एकचा वर्ग इमारतीच्या पोटात, चार पायऱ्या खाली उतरून भरायचा, म्हणून मुलं त्याला तळघरच म्हणायची. थोरलीला तिसापैकी बारा मिळाले होते.

आता बारा मिळाले तर मिळाले, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण थोरलीला व्हायचं होतं बांधकामाची इंजिनियर, आणि त्या शाखेत शिरायचं तर पहिलं वर्ष संपायच्या आत मुख्य गणित पास झालेलं पाहिजे, असा नियम होता. तळघरातून निघून वर्षाच्या आत तिथवर पोचणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. म्हणजे एक अख्खं वर्ष मागे पडायचं आणि मग पुन्हा अर्ज करून रांगेत उभं राहायचं.

निकाल फोनवर आला तेव्हा मिस्त्री जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. बारा वर्षांची असल्यापासून ही पोरगी सुट्टीत त्यांच्याबरोबर साइटवर यायची. खोलीच्या दारात उभी राहून, टेप दोनदा टाकून, किती फरशी लागेल ते तोंडी सांगायची, आणि इतक्या वर्षांत एकदाही फरशी कमी पडली नव्हती. हे कौतुक मिस्त्रींनी एकूण एक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. ऐकून ऐकून काही गिऱ्हाइकं कंटाळली होती. आणि आता कॉलेज म्हणतंय की हिला गणित येत नाही. त्या कॉलेजला म्हणावं, आधी स्वतःच्या जिन्याच्या पायऱ्या मोजा, मग आमच्या पोरीला मोजा, असं बरंच काही ते बोलले. तिची आई लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, दिवसभर वाफेत उभी राहून आली होती, ती एवढंच म्हणाली की उद्या कॉलेजात जाणार असाल तर शर्ट आत्ताच काढून द्या, नंतर मी इस्त्री हातात धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कडक शर्ट घालून गणिताच्या बाईंसमोर जाऊन बसले. शेजारी थोरली, मान खाली. चाचणीचं सगळं काम या बाईंकडे होतं. बाई वयाने मिस्त्रींच्याच आसपास, चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तो टेबलावर शोधत होत्या. मिस्त्रींनी वाटेत भाषणाची सगळी तयारी केली होती, पण बाईंनी त्यांना सुरूच करू दिलं नाही. चष्मा सापडल्यावर त्यांनी कपाटातून थोरलीची उत्तरपत्रिका काढली आणि सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या की ओरडायच्या आधी एकदा बघून घ्या, घोडं कुठे पेंड खातंय ते मलाही कळत नाहीये.

मिस्त्रींनी बघितलं. चार मीटर बाय पाच मीटरची खोली, क्षेत्रफळ किती? थोरलीने लिहिलं होतं, बावीस. नळातून मिनिटाला वीस लिटर पाणी येतं, अर्ध्या तासात टाकीत किती जमेल? सहाशे साठ. त्यांनी पान उलटलं. एक बस ताशी साठ किलोमीटर वेगाने जाते, दोनशे चाळीस किलोमीटरला किती वेळ लागेल? चार तास चोवीस मिनिटं.

सगळ्या जगाला नसेल कळलं, त्यांना एका नजरेत कळलं. पोरीने प्रत्येक मापाला दहा टक्के वेस्टेज धरलं होतं.

फरशीच्या धंद्यात नेमकं माप कुणी सांगत नाही. चार फरश्या कापताना फुटतात, दोन कोपऱ्यात वाया जातात, एखादी खोक्यातच तडकलेली निघते. म्हणून जे माप येईल त्यात दहावा हिस्सा मिळवायचा आणि मगच आकडा तोंडातून काढायचा, हे मिस्त्रींनी पोरीला पहिल्या दिवसापासून पढवलं होतं. नुसतं पढवलं नव्हतं, ती विसरली की टपली मारून आठवण करून दिली होती. इतकी की आता तिचा हात आपोआप तो दहावा हिस्सा मिळवायचा. परीक्षेच्या गडबडीत फरशी, पाणी, बस, तिने काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

बाईंना हे समजावून सांगितल्यावर त्या पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं की बसला कसलं गं वेस्टेज? थोरली खालच्या आवाजात म्हणाली की रस्त्यात काही ना काही होतंच. बाई पुन्हा हसल्या. मिस्त्री मात्र हसले नाहीत. भांडायला आले होते कॉलेजशी आणि गुन्हेगार निघाले स्वतःच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की चूक कळली, तर आता मार्क दुरुस्त होतील का? बाईंनी दोघांसमोर पुन्हा एकदा सगळी उत्तरं तपासली. वेस्टेजमुळे चुकलेले प्रश्न निघाले सात. बारा आणि सात एकोणीस. मार्क बदलायचा नियम नव्हता, आणि बदलले असते तरी एकोणीसवर तयारी दोनच मिळणार होतं, मुख्य वर्ग नाही. बाकीचे अकरा प्रश्न थोरलीला खरोखरच आले नव्हते. बाईंनी ते स्पष्ट सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. मिस्त्रींना ते झोंबलं, पण त्या बाईंबद्दल मनात कुठेतरी बरंही वाटलं. खोटी स्तुती करणाऱ्या माणसाशी त्यांचं कधी पटलं नव्हतं.

बाईंनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. अकरा वर्षं त्या लिहीत आल्या होत्या की कोणतं मूल कोणत्या वर्गातून सुरू झालं आणि पुढे त्याचं काय झालं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनाच राहवत नव्हतं. तळघरातून सुरू केलेल्या शंभरांपैकी मुख्य गणित पास झाले होते नऊ.

“बाकीची सगळी नापास?” मिस्त्रींनी विचारलं.

“तीच तर गंमत आहे. निम्मी पोरं तळघरात पास होतात, आणि पुढच्या वर्गात येतच नाहीत. कुणाला नोकरी लागते, कुणाचं घर अडतं, कुणाचा जीव कंटाळतो. मिस्त्री, पोरं गणितात बुडत नाहीत हो. जिना चढता चढता थकतात.”

मग त्यांनी दुसरी वाट सांगितली. गेल्या वर्षीपासून कॉलेजने एक सोय केली होती. चाचणीत कमी पडलेल्या मुलाने स्वतः सही करून दिली तर त्याला थेट मुख्य वर्गात बसता यायचं, आणि जोडीला आठवड्यातून दोन जादा तास बाई स्वतः घ्यायच्या. जिथे अडेल तिथलं मागचं तेवढं शिकवायचं आणि पुढे जायचं. गेल्या वर्षी वीस जणांनी सही केली, त्यातली तेरा पास झाली.

मिस्त्रींनी लगेच हिशेब केला की म्हणजे सात बुडाली. बाई म्हणाल्या की हो, सात बुडाली, ते मी लपवणार नाही. आणि अजून एक गोष्ट होती. मुख्य गणितात एकदा नापास झालं की बांधकामाच्या शाखेला पुन्हा अर्ज करता यायचा नाही. वर्षभर मागे राहून तळघरातून गेलं तर दार उघडं तरी राहत होतं. सही करून बुडालं तर कायमचं बंद. विचार करायला तीन दिवस होते.

घरी त्या तीन दिवसांत मिस्त्रींनी पोरीचं डोकं खाल्लं. त्यांचं म्हणणं एकच, पाया. खालचा थर कच्चा असेल तर वर संगमरवर लावला तरी तडकणार, हे त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं. पी हळद नि हो गोरी असं कुठे झालंय? जाऊ दे एक वर्ष, पण पक्कं होऊन जा. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. आधीच आपल्या शिकवणीने पोरीचं नुकसान झालंय, आता आपल्या होकाराने तिचं दार कायमचं बंद झालं तर आपण तोंड कुठे लपवणार, असं त्यांना वाटत होतं. थोरलीच्या आईने एकदा विचारलंही की परीक्षा ती देणार, सही ती करणार, मग तुम्ही का ताप आल्यासारखे फिरताय?

तिसऱ्या दिवशी थोरली त्यांच्यासमोर येऊन बसली. एरवी बापापुढे ती कधी तोंड वर करून बोलायची नाही.

“बाबा, मला पहिल्या दिवशी तुम्ही काय दिलं होतं हातात?”

मिस्त्रींना कळेना ही काय विचारतेय. म्हणाले, फरशीची ओळ सरळ धरायची दोरी.

“दोरीच. लोकांच्या खऱ्या घरात, खऱ्या खोलीत दोरी धरायला लावलीत. सहा महिने वाळू चाळ, मग सहा महिने सिमेंट कालव, मग फरशीला हात लाव, असं म्हणाला असतात तर मी पळून गेले असते. तुम्ही शेजारी बसून चुका काढत राहिलात आणि मी शिकले. मला तसंच शिकता येतं. मला दुसरं काही येत नाही.”

मिस्त्रींना त्यांच्याकडे येऊन वाळू चाळता चाळता पळून गेलेले कितीतरी जण आठवले. पोरीने त्यांना त्यांच्याच धंद्यात पकडलं होतं, आणि बिनतोड पकडलं होतं. खाण तशी माती, दुसरं काय. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे ठेवलं. थोरलीने बाईंनी दिलेल्या कागदावर सही केली.

पहिल्या परीक्षेत तिला पन्नासांपैकी चौदा मिळाले.

मिस्त्रींच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, सांगत होतो की नाही. ते वाक्य त्यांनी गिळलं. इतक्या वर्षांत गिळलेलं ते पहिलंच वाक्य असावं, कारण थोरलीची आई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईंनी पेपरावर लाल शाईने लिहिलं होतं, “पद्धत बरोबर. वेस्टेज धरू नकोस.” दोन उत्तरांत पोरीने पुन्हा दहावा हिस्सा मिळवला होता. शाळेत शिकलेली सवय सुटते, बापाने लावलेली सहजी सुटत नाही.

जादा तासाला बाईंनी तिला एक युक्ती सांगितली. जे शिकलीस ते अशा माणसाला मोठ्याने समजावून सांग, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. असा माणूस घरात तयारच होता. मग दर रविवारी थोरली साइटवर यायची, रिकाम्या खोलीत बादली पालथी घालून बसायची आणि मिस्त्री सांधे भरत असताना त्यांना गणित सांगायची.

मिस्त्रींइतका वाईट विद्यार्थी त्या वर्षी त्या कॉलेजच्या नशिबी नव्हता. कुठलीही गोष्ट ते निमूट मान्य करायचे नाहीत. क्ष म्हणजे काय, असं त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं. ती म्हणाली, आपल्याला माहीत नसलेली किंमत. मग माहीत नाही तर त्याला एवढा मान कशाला, त्यांनी विचारलं. हे इकडून तिकडे गेलं की त्याचं चिन्ह का बदलतं? पुस्तकात लिहिलंय म्हणून, ती म्हणाली. पुस्तकाला विचार, त्यांनी सांगितलं, आणि कारण मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. थोरली चिडायची, पाय आपटायची, एकदा तर वही घेऊन निघूनही गेली. पण कारण शोधून परत आली. बापाला पटवायचं म्हणजे आधी स्वतःला पुरतं कळलेलं असावं लागायचं, दुसरी वाटच नव्हती. न्हाणीघराच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार देताना तिने त्यांना कोनांचं गणित दाखवलं, तेव्हा मात्र मिस्त्रींचा हात थांबला. जो उतार ते नजरेने द्यायचे तो पोरीने कागदावर मांडून दाखवला, आणि दोघांचा आकडा एकच आला. त्या दिवशी त्यांनी तिला पुढचा प्रश्न विचारला नाही. नुसतेच तिच्याकडे बघत बसले, कालवलेला सिमेंटचा मसाला वाळून गेला तरी.

दुसऱ्या परीक्षेत तेवीस आले. तिसरीत एकतीस. पण खरा निकाल वर्षाअखेरच्या परीक्षेवर होता आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. पेपर देऊन आल्यावर कसा गेला असं विचारलं तर थोरली माहीत नाही म्हणायची, आणि मिस्त्रींची पाचावर धारण बसायची.

निकालाच्या दिवशी थोरली फाटकापाशीच थांबली. म्हणाली, बाबा, तुम्ही बघून या, माझे पाय पुढे पडत नाहीत. मिस्त्री एकटे आत गेले. व्हरांड्यात दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. डावीकडे या वर्षीच्या नव्या मुलांच्या पातळी चाचणीची, उजवीकडे मुख्य गणिताच्या निकालाची. डावीकडे ही गर्दी, उजवीकडे मोजकीच माणसं. मिस्त्रींनी खिशातून थोरलीचा नंबर लिहिलेला कागद काढला आणि यादीवर बोट ठेवून खाली खाली यायला लागले. बोट एका ओळीवर थांबलं. नंबर पुन्हा ताडून बघितला. मग तिसऱ्यांदा बघितला. शंभरपैकी एकसष्ट. उत्तीर्ण.

त्यांना वाटलं होतं की आपण ओरडू. निदान कुणाला तरी हाक मारू. त्यातलं काहीच झालं नाही. ते भिंतीला हात टेकवून तिथेच उभे राहिले आणि ढसाढसा रडायला लागले, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसत.

डावीकडच्या गर्दीतून एक गृहस्थ त्यांच्याजवळ आले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि धीर द्यायला लागले. होतं असं, मनाला लावून घेऊ नका, माझाही मुलगा सगळ्यात खालच्या वर्गात गेलाय, आता नशिबात असेल ते होईल.

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला, त्यांना ओढतच उजवीकडच्या यादीपुढे नेलं आणि त्या एका ओळीवर बोट टेकवलं.

“ही माझी मुलगी. गेल्या वर्षी हिला तिसात बारा पडले होते. तळघरात घातली होती हिला.”

गृहस्थांनी ती ओळ वाचली, मग मिस्त्रींच्या नखांतल्या सिमेंटकडे बघितलं, मग पुन्हा ओळ वाचली. दबक्या आवाजात त्यांनी विचारलं की हे कसं केलंत? आता मिस्त्रींना स्वतःची फुशारकी मारायची याहून चांगली संधी जन्मात मिळाली नसती. पण ते म्हणाले की मी काही केलं नाही हो, मी तर तिला मागे ओढत होतो, सही तिने केली आणि अभ्यासही तिनेच केला. वर बाई बसतात, त्यांना आत्ताच भेटा, सही करायला तीनच दिवस असतात.

एवढ्यात थोरली आत आली. फाटकापासून तिने बापाला डोळे पुसताना बघितलं होतं, आणि आपण नापास झालो असंच तिने धरलं होतं. ती येऊन समोर उभी राहिली.

ज्या पोरीला त्यांनी आयुष्यभर अगं-तुगं केलं होतं, तिच्यासाठी मिस्त्री दोन पावलं बाजूला सरले आणि तिला वाट करून दिली.

“या, इंजिनियरबाई,” ते म्हणाले. “या गृहस्थांचा मुलगा तळघरात गेलाय. यांना बाईंच्या खोलीपर्यंत घेऊन जा.”

थोरलीने यादी बघितली. मग हातांनी तोंड झाकून ती तिथेच पायरीवर खाली बसली. मिस्त्रीही गुडघे दुखत असताना तिच्या शेजारी खाली बसले. ते गृहस्थ अवघडून उभे होते. थोड्या वेळाने थोरलीने ओढणीने तोंड पुसलं, उठून उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, “चला काका. आधी त्याची उत्तरपत्रिका मागून घेऊ.”